नशेत, तरीही पूर्ण

‘क्लाइव्ह हिंगली याने ९ ऑक्टोबर १९७६ रोजी आपला अखेरचा कार्यक्रम नशेत, तरीही पूर्ण केला, त्यानंतर रंगमंचामागील जिन्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला.’

हे वाक्य प्रथम मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिले. मग वर्तमानपत्रांनी उतरवले. आता ‘आयर्न व्हेस्ट्री’ या त्याच्या बँडच्या त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती निघत होती, आणि सोबतच्या पुस्तिकेच्या मसुद्यात ते स्वल्पविरामासकट विराजमान झाले होते.

ऑड्री हिंगलीचे आयुष्य जुन्या हस्तलिखितांत मागाहून घुसडलेल्या ओळी हुडकण्यात गेले होते. सख्ख्या भावाच्या मरणावर घुसडलेला एक शब्द मात्र तिला अजून खोडता आला नव्हता. नशेत. बाकीचे शब्द तिने निर्दोष सोडले होते.

म्हणून ती रविवारी दुपारी नेदरटनच्या कामगार क्लबात, बँडच्या चाहत्यांच्या वार्षिक सभेला आली. पुस्तिकेचा मजकूर तिथेच मंजूर व्हायचा होता.

“हे बघा, ऑड्रीबाई,” सचिव कीथ फॉक्सॉल म्हणाला, “जिन्याशी बाटली सापडली होती. बँडमधल्या चौघांनी जबानी दिली. आता पन्नास वर्षांनी कशाला उकरायचं?”

“चौघांनी एकच वाक्य सांगितलं, कीथ. शब्दाला शब्द. माझ्या धंद्यात याला चार साक्षीदार म्हणत नाहीत. एक मूळ प्रत आणि तीन नकला म्हणतात.”

“तुमच्या धंद्यात गिटारं नसतात ना!” मागून बर्नी नावाचा चाहता ओरडला. सगळे हसले.

ऑड्री हसली नाही. “त्या रात्रीच्या एका गाण्यात एक सूर एकोणीस सेकंद धरलाय, असं तुमचीच पुस्तिका म्हणते. झिंगलेला माणूस तो धरू शकेल? तुमच्यापैकी कुणीही दोन ग्लास पोटात गेल्यावर नऊ सेकंद धरून दाखवावा. मी थांबते.”

कुणी पुढे झाले नाही. दोन ग्लास सर्वांच्याच पोटात होते.

“धरला असेल, म्हणून काय झालं?” कीथ म्हणाला. “क्लाइव्ह थोर होता की नेव्हिल, हा खरा प्रश्न आहे.”

या मंडळींना दुसरा प्रश्न ठाऊकच नव्हता. क्लाइव्ह पहिला गायक, नेव्हिल ट्रँटर दुसरा. तिसरा एक स्वीडिश होता, पण त्याला गायक न मानण्यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. क्लाइव्ह कारखान्यातल्या वेल्डरचा मुखवटा चढवून, तोंड न दाखवता गायचा. नेव्हिल तेव्हा बँडचे सामान वाहायचा. क्लाइव्ह गेल्यावर तीन महिन्यांनी गायक झाला आणि पहिल्याच कार्यक्रमात त्याने मुखवटा फेकून दिला. बँडमधला जिवंत उरलेला तो एकटाच. आज प्रमुख पाहुणा म्हणून खिडकीशी बसून तो डुकराची खारवलेली कुरकुरीत कातडी चघळत होता.

“आंधळं ऐकणं होऊन जाऊ दे,” बर्नी म्हणाला. “रीतच आहे आपली.”

रीत साधी होती. एकच गाणे दोन गळ्यांतून, नावे न सांगता वाजवायचे. ज्याने त्याने सरस वाटलेला गळा ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ असा लिहून तो पालथा ठेवायचा.

पहिले मुद्रण सुरू झाले. त्या रात्रीचा आवाज ऑड्रीने आजवर टाळला होता. आता तो खोली फाडीत आला, एकोणीस सेकंद एका सुरावर उभा राहिला, आणि तिला काहीच वाटले नाही. सख्खा भाऊ गात होता आणि तिच्या आत काही हलले नाही. स्वतःच्या या कोरडेपणाची तिला इतकी चीड आली की दुसरे मुद्रण तिला नीट ऐकूही आले नाही.

एकेचाळीस पुठ्ठे उलटले. एकेचाळीस वेळा ‘पहिला’.

“नेव्हनेही पहिलाच लिहिलंय!” कीथ गहिवरला. “याला म्हणतात दिलदार माणूस. पहिला म्हणजे क्लाइव्ह, शेवटच्या रात्रीचा. दुसरा आपला नेव्ह, एकोणनव्वद सालचा.”

“दिलदार कसला!” बर्नीने ग्लास आपटला. “लेका नेव्ह, जन्मभर मेलेल्या माणसाची नक्कल केलीस, तीही धड जमली नाही. त्याच्यासारखा एक सूर लावला असतास, तर तुझ्या पाया पडलो असतो.”

“तोंड सांभाळ, बर्नी.”

“का? क्लाइव्ह झिंगून गायला ते तुला शुद्धीत जमलं नाही. लिही रे कीथ, पुस्तिकेत लिही हे!”

खोली खदखदली. नेव्हिलच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. त्याने हातातली कातडीची पिशवी भिंतीवर फेकली.

“माझा आहे तो!” तो गरजला. “बहिऱ्यांनो, पन्नास वर्षं माझ्याच आवाजाने मला झोडपताय! तो पहिला मी आहे. त्या रात्री मुखवट्याखाली मी होतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो सूर त्याला उभ्या जन्मात लागला नव्हता!”

हसू विरले.

ऑड्री उठली. जीर्ण पान उलटताना सावधपणे बोलावे, तशी ती बोलली.

“आणि त्या वेळी माझा भाऊ कुठे होता, नेव्हिल?”

सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या कीथने उत्तर शब्दशः उतरवले, कारण दुसरे काही करणे त्याला सुचले नाही:

“जिन्याखाली. पहिल्या गाण्याआधीच पडला होता. प्यायलेला नव्हता, बाटली आम्ही नंतर ठेवली. हलत होता अजून. पण सभागृह भरलं होतं, आणि मला सगळी गाणी पाठ होती.”