डिस्कमधला मुकादम

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी, लग्नाचे व्हिडिओ भरता भरता घरातल्या कॉम्प्युटरने मान टाकली. भावजींनी त्यात माहिती साठवणारी नवी डिस्क, एसएसडी, बसवली आणि सगळं घर ती बघायला गोळा झालं. थोरल्या वहिनींच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. कुणी तासभर घर सांभाळलं तर दवाखान्यात जाऊन यावं, हे विचारायला त्या पिठाच्या हातानेच दारात येऊन उभ्या राहिल्या.

भावजी रंगात आले होते. "बाबा, ह्यात बारीक बारीक कप्पे असतात. एकाच कप्प्यावर सारखं लिहीत राहिलं की तो झिजून मरतो. म्हणून आत एक मुकादम असतो. तो काम सगळ्यांना सारखं वाटून देतो."

"वा! काय अक्कल आहे बघा यंत्राला," सासरे म्हणाले. "नाहीतर एकाने राबून मरायचं आणि बाकीचे कोरे करकरीत!"

"भावजी, हा मुकादम सुटा मिळतो का हो?" वहिनींनी विचारलं. "मिळाला तर एक आमच्या स्वयंपाकघरात बसवा."

घर खो खो हसलं. हसून हसून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमची ही म्हणजे ना!" असं कौतुकाने म्हणत नवऱ्याने इस्त्री करायचा शर्ट त्यांच्या खांद्यावर टाकला. दवाखान्याचं विचारायचं राहूनच गेलं.



थोरल्या वहिनी त्याच आठवड्यात शुक्रवारी, दुपारची भांडी घासून झाल्यावर वारल्या.