आडव्या रेघेचा ओ

"आलं का गं अक्षर?" प्रोकोपी आजोबांनी दारातूनच विचारलं.

"नाही ना," तुयारा म्हणाली.

"याकुत्स्कवाले झोपलेत की मेलेत?"

"मेले असते तर नोंद आली असती, आजोबा."

हा अठ्ठाविसावा गुरुवार. पहिले सहा गुरुवार तुयारा खरं बोलली होती.

ती या गावची जन्म-मृत्यू नोंदणी कारकून. लग्नंही तिच्याकडेच असत, पण गावात लग्न लावायचं तर आधी नवरा आयात करावा लागे. कचेरीत एक शेगडी, एक संगणक आणि ती. शेगडी जास्त बोलकी.

आजोबांची बायको ओलोना सप्टेंबरात गेली. मृत्यूचा दाखला अडला तो नावामुळे. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात; म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो. जुन्या तक्त्यात आकड्यांची घरं दोनशे छप्पन. रशियन अक्षरं त्यात ऐसपैस राहायला गेली. इथल्या साखा लोकांच्या 'ө'ला, पोटात आडवी रेघ असलेल्या ओला, घरच उरलं नाही. ओलोनाच्या पासपोर्टवर कुणा हौशी कारकुनाने नाव साखा पद्धतीने लिहिलेलं: Өлөөнө. टाइप केलं की सहातली चार अक्षरं प्रश्नचिन्हं व्हायची. आणि नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय दाखला निघत नाही.

याकुत्स्कच्या मुख्य कचेरीतून नवा तक्ता आधी जिल्ह्याला गेला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गावात आला. तुयाराने तो बसवला, कोऱ्या कागदावर चार ө छापून पाहिले. सुबक आले. मग तिने तो कागद शेगडीत टाकला.

दाखला दिला की काम संपलं. काम संपलं की आजोबा पलीकडच्या तीरावरून गोठलेली नदी ओलांडून कशाला येतील?

तेव्हापासून दर गुरुवारी ते यायचे, गोठलेला मासा टेबलावर ठेवायचे, दूध घातलेला चहा तीन कप प्यायचे आणि तिच्या लग्नाची काळजी करत परत जायचे. उरलेले सहा दिवस ती गुरुवारची वाट पाहायची.

आज मात्र तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. डावा लोकरी बूट गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"हे काय?"

"बर्फ जरा खचला. मी नाही खचलो."

"आजोबा, एप्रिल संपत आला! परवा लाकडाचा ट्रक गेला आत."

"ट्रक जाडा होता."

"पुढच्या गुरुवारी यायचं नाही."

"वा गं! आणि नेमकं त्याच दिवशी अक्षर आलं तर?"

तिने बूट ओढून काढला, शेगडीजवळ उभा केला. त्यातून पाणी ठिबकत राहिलं. आजोबांचा पाय निळा पडला होता आणि ते मात्र दुकानदाराच्या पुतण्याला पगार किती, हे सांगत होते.

"अक्षर आलंय," ती म्हणाली.

पुतण्याचा पगार अर्धवटच राहिला.

"नोव्हेंबरमध्येच आलं. मी खोटं बोलले, आजोबा. तुम्ही यायचं थांबाल म्हणून. वाटेल तेवढ्या शिव्या द्या."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. कपात आणखी थोडं दूध ओतलं.

"आत्ता छापते. पुन्हा त्या बर्फावर पाय ठेवायला नको."

"राहू दे गं. चहा निवतोय."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"घाई काय आहे? तिला काही घाई नाही."

"मला आहे," असं म्हणून तुयाराने ओलोनाची नोंद उघडली, नाव पुरं केलं. चारही ө नीट बसले. तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

छपाईचं यंत्र सुरूच झालं नाही. पडद्यावर एक चौकट उघडली.

"या व्यक्तीचा दाखला आधीच दिलेला आहे. ठिकाण: जिल्हा कचेरी. दिनांक: २१ ऑक्टोबर. घेणारा: पती, स्वतः."