कॉलर

घोंगडीचे झोकदार कोट शिवणारी साताऱ्यातली पहिली बाई म्हणजे अंजना. तिचे कोट मुंबईचा एक दुकानदार विकायला न्यायचा. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात पाचगणीच्या बाजारात मुंबईच्या एका बाईंच्या अंगावर तिनं आपलाच कोट ओळखला. बाईंनी कौतुकानं आतलं लेबल दाखवलं. लंडनचं! अंजनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी लेबल लावणाऱ्या त्या दुकानदाराची पुढची ऑर्डर तिनं घेतली. फक्त प्रत्येक कोटात आपलं नाव स्वतःच्या हातानं शिवलं.

महिन्याभरात दुकानदार तणतणत आला.

"काय ही शिलाई! सगळ्या कोटांच्या कॉलरी हातात येतायत!"

"सगळ्या?" अंजना ताडकन उठली. "ज्या दोऱ्यानं कॉलर शिवलीया, त्यानंच माझं नाव शिवलंय. नाव उसवल्याबिगर कॉलर सुटत न्हाई, शेठ. हितनं फुडं कोट पायजे, तर माझ्या नावानं इकायचा!"