खोलीत आणखी कुणी

पडद्यावरच्या मुलीची नजर पुन्हा एका बाजूला सरकली आणि ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही."

हा सहावा मंगळवार. मुलगी मनातलं बोलायला लागली, की तिची नजर सरकायची, आवाज खाली जायचा आणि गाडी हवापाण्यावर यायची. बाईंच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली होती.

मुळात या पडद्यावरच्या उपचारांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दवाखान्यात दार लावलं की खोली आपली. इथे समोरच्याच्या दाराआड कोण कान देऊन उभं आहे, देव जाणे. त्यातून ही मुलगी लग्न करून परक्या देशात गेलेली, आणि तिकडच्या बायकांना म्हणे एकटं सोडतच नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर बाईंनी दवाखाना सोडलाच नसता. नवरा हौशी, म्हणून निभावलं. त्याने मागची खोली रिकामी करून दिली, पुस्तकांचं काचेचं कपाट तेवढं ठेवलं, हेडफोनने कान दुखतात म्हणून स्पीकर आणला. स्वतःचं तोंड बघत बोलणं त्यांना जमेना, तेव्हा पडद्यावरचा त्यांचा चौकोनही त्यानेच झाकून टाकला.

रुग्णांविषयी बाई घरात अवाक्षर काढत नसत. काल मात्र जेवताना राहवलं नाही.

"एखाद्याचं बोलणं कुणी चोरून ऐकत असेल, तर काय करावं हो?"

"सासूच असणार," नवरा हसला. "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? जेव."

शेवटी त्यांनी मुलीच्या गावातल्या एका डॉक्टरांना फोन केला.

"आमचे निम्मे रुग्ण पडद्यावरच बरे होतात. तुम्हालाच ते पटत नाही," ते म्हणाले. पण कबूल झाले. मुलीने होकार दिला, की तासाभरात तिच्या घरी पोलीस पाठवायचे.

अंदाज चुकला तर तिचा संसार मोडणार. गप्प बसावं तर कदाचित तिचा जीवच जायचा. बाई पडद्याजवळ सरकल्या.

"नीट ऐका. फक्त हो किंवा नाही म्हणा. आपलं बोलणं कुणी ऐकतंय?"

मुलीची नजर पुन्हा बाजूला गेली. "हो."

"दर वेळी?"

"हो."

"पुरुष?"

"हो." तिचे डोळे भरून आले होते.

वाटलंच होतं! बाईंना असा संताप आला, की तो माणूस समोर असता तर त्यांनी त्याच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या. त्यांनी निरोप पाठवायला मोबाईल उचलला.

"घाबरू नका. तुमच्या घरी मदत येतेय."

"माझ्या घरी?" मुलगी दचकली. मग एक शब्दही न बोलता ती भराभर टाइप करू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली.

"इथे मी एकटीच आहे. तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ दिसतात, दाराआड उभे. आत्ताही ते वहीत लिहून घेतायत."