खांद्यावरची थरथर

"ह्याच्यात दमेकऱ्याचा श्वास आहे आणि ह्याच्यात गड चढून आलेल्याचा," असं म्हणत माळकरकाकांनी कॅमेरा मुद्दाम हलवणारे, खांद्यावर चढवायचे दोन स्टँड दुकानाच्या काउंटरवर मांडले. "स्थिर धरणारे आता कोण घेतंय? मोडीत घातले."

शर्वरीला हसू आलं नाही. जे चित्रण जरासुद्धा हलत नाही ते यंत्रानं बनवलेलं, असं ठरवून चित्रपट महोत्सववाले हल्ली बाद करत. तिचं चित्रणही तसंच बाद झालं होतं. वडील शेवटचं बोलत होते तेव्हा शब्द निसटू नये म्हणून तिनं श्वास रोखून कॅमेरा धरला होता. आता वडील नव्हते. तेच चित्रण पडद्यावर लावायचं आणि हलत्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपायचं, एवढाच मार्ग उरला होता. मुदत आज संध्याकाळी संपत होती.

"दम्याचा द्या, काका."

काकांनी स्टँड तिच्या खांद्यावर चढवला आणि दुकानातल्या टीव्हीवर चित्रण लावलं.

"शरू, तू जेवलीस का गं?" पडद्यावरून वडिलांनी विचारलं.

ती टिपत राहिली. शेवटी कशीबशी म्हणाली, "काका, हे जास्तच हलतंय हो."

"बाई, मी अजून स्टँडचं बटण दाबलेलंच नाही."

तसंच पाठवलं. महोत्सवाच्या यंत्राचं उत्तर लगेच आलं: थरथर अवाजवी, कृत्रिम असल्याचा संशय, नामंजूर.

काकांनी तिला पाणी दिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि चित्रण पुन्हा सुरुवातीला नेलं.

"परत घेऊ," ते म्हणाले. "फक्त या खेपेला जरा बेतानं रडा."