कोरा पंचनामा

पोलीस ठाण्यासमोर त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. साहेबांचे गणवेश तो कडक करून द्यायचा आणि शिपायाने कोरे पंचनामे पुढे केले, की पंच म्हणून मुकाट सह्या ठोकायचा. मजकूर ते सवडीने भरायचे. पुढे कोर्टात हा शपथेवर सांगायचा, "सगळं माझ्यासमोर सापडलं." ठाण्याशी वाकडं घेऊन धंदा होतो का?

मग एका मोर्चातून त्याच्या मुलीलाच उचललं. तिच्या खोलीत म्हणे पिस्तूल सापडलं.

"धडधडीत खोटं!" तो वकीलबाईंसमोर ओरडला. "आमच्या घरी कोणी फिरकलंसुद्धा नाही. पंच कोण मेला तो? सही करताना हात झडले नाहीत त्याचे?"

वकीलबाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला. सही त्याचीच होती.

"घाईत पोलिसांनी पंचाचं नाव बघितलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आता कोर्टात खरं सांगा, कोऱ्या कागदावर सही केली म्हणून. मुलगी सुटेल. तुमच्या अशाच सह्यांवर आजवर आत गेलेल्या तेवीस जणांनाही न्याय मागता येईल."

त्याने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"बाई, एवढा एकच कागद कोरा होता, असं सांगितलं तर?"