पहिला प्रश्न

वीज गेली, एमआरआय मशीन थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि आतला भलामोठा चुंबक मेला. आज त्याला पुन्हा जिवंत करायचं होतं. खोलीतली शिडी, स्टूल, पाने, पक्कड, सगळं बाहेर आलं. टेक्निशियन बाईंनी तर स्वतःच्या केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवल्या. फुटलेली नळी जोडणारा म्हातारा वेल्डर तेवढा गळती बघायला चुंबकाजवळ थांबला.

"मामा, खिसे झाडलेत ना? किल्ल्या, मोबाइल, पट्टा?"

"सगळं बाहेर ठेवलंय, बाई. नका काळजी करू."

काचेच्या अलीकडे, बाईंच्या शेजारी बसून इंजिनियरने हळूहळू करंट चढवायला घेतला. ना आवाज, ना हालचाल.

"निम्मी ताकद आली," इंजिनियर माइकवर म्हणाला. "मामा, गळती?"

"गळती नाही," वेल्डरने एका डोळ्यावर तळवा दाबला, "पण डोळ्यात काहीतरी सरकतंय."

"मामा, हलू नका!" बाई किंचाळल्या.

दारात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला त्या रोज पहिला प्रश्न हाच विचारायच्या : डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?

मामा काही पेशंट नव्हते.